शेवरीची चढण आणि झिपरूची जीप

झिपरूच्या जीपला शिव्या न घालता हरसूलच्या बाजारातून घरी परतलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. सीट फाटलेली, मागचं दार दोरीने बांधलेलं, आणि आत माणसं, कोंबड्या, तांदळाच्या गोण्या, एखादं बोकड अशी सगळी मंडळी मांडीला मांडी लावून बसलेली. पण आज शिव्या घालणारे पुढच्या बाजाराला पुन्हा त्याच जीपमध्ये, कारण उंबरमाळ पाड्याच्या वाटेला दुसरी गाडी फिरकतच नव्हती. झिपरूला हे पक्कं ठाऊक होतं. "बोला, बोला," तो म्हणायचा, "चालत निघालात म्हंजे तोंडाला आपोआप आराम भेटंल."

पन्नाशीला टेकलेला, काटकुळा आणि हट्टी माणूस. तरुणपणी भात झोडून झाला की पाड्यावरच्या सगळ्यांसारखा तोही दिंडोरीकडे द्राक्षाच्या मळ्यात कामाला जायचा. इतर लोक तिथून ज्वारी नाहीतर बायकोला लुगडं आणत. हा पठ्ठ्या मळेवाल्याचा ट्रॅक्टर हाकायला शिकला आणि एका शिमग्याला मजुरीच्या बदल्यात मळेवाल्याची जुनी जीप घेऊन आला. बायकोने जीपकडे पाहिलं, मग याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सवत आणलीत ती आणलीत, जरा धड तरी आणायची." तेव्हापासून पाड्यावर जीपचं नाव सवतच पडलं. शाळेतली पोरंसुद्धा 'सवत आली, सवत आली' म्हणून ओरडत धावायची.

पण या सवतीने उंबरमाळचं घर कधी पाहिलं नव्हतं. रस्ता खाली ओहळापाशीच संपायचा. तिथून वर पाड्यापर्यंत शेवरीची चढण. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला डोंगर, मध्ये डोक्याएवढे धोंडे आणि निम्म्यावर एक असं वळण की बैलसुद्धा तिथे थांबून विचार करायचा. झिपरू जीप ओहळाच्या अलीकडे आंब्याखाली लावायचा आणि सगळ्यांसारखा पायी घरी जायचा. ड्रायव्हर असून पायी, म्हणून लोक त्याला चिडवायचे. तोही हसायचा. आईचे गुडघे जाईपर्यंत त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं.

चिमणाबाई, म्हणजे झिपरूची आई, ही पाड्यावरची सगळ्यात थोरली बाई आणि सगळ्यात मोठा आवाजही तिचाच. एका पावसाळ्यात तिचे गुडघे असे सुजले की तिला उभंच राहता येईना. पाड्यावरून आजारी माणूस न्यायची एकच रीत: बांबूला घोंगडी बांधायची, त्या डोलीत माणूस घालायचा आणि दोघांनी पुढं-मागं खांदा द्यायचा. तशी ती खाली आली आणि झिपरूची बहीण मंगलाबाई तिला औषधपाण्याला नाशकात, इंदिरानगरला आपल्या घरी घेऊन गेली. औषधाने सूज उतरली. म्हातारी काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागली. पण डॉक्टरांनी सांगितलं की चढण या जन्मात विसरा.

"मग डोलीतून वर नेऊ," झिपरू म्हणाला. त्यावर चिमणाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला.

"डोलीतून खाली जातं ते आजारी माणूस. वर येतं ते मढं. मी डोलीतून वर येणार नाय. जित्ती तर नायच."

आणि हे काही तिने मनाचं काढलेलं नव्हतं. उंबरमाळवर आजवर तसंच घडत आलं होतं. दवाखान्यात बरा झालेला माणूस आपल्या पायांनी वर यायचा, न झालेला डोलीतून. म्हातारीने असे कितीतरी जण येताना पाहिले होते, त्यात तिचा नवराही होता. तेव्हा तिला समजवायला कोण जाणार?

तर चिमणाबाई दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अडकली. मंगलाबाईने तिला काही कमी केलं नाही. नातीने टीव्ही लावून दिला, शेजारणी गप्पा मारायला यायच्या. पण म्हातारीला जमिनीवर फरशी सोसेना, चुलीशिवाय भाकरी गोड लागेना आणि ज्यांच्यावर ओरडायचं ती माणसंच आजूबाजूला नव्हती. झिपरू भेटायला गेला की ती आधी पाड्यावरच्या एकेका घराची चौकशी करायची आणि मग गप्प बसायची. ते गप्प बसणं झिपरूला फार लागायचं. ज्या बाईचा आवाज ओहळापर्यंत यायचा, ती खिडकीशी बसून खालच्या गाड्या बघते आहे, हे त्याच्याने पाहवत नव्हतं. एकदा निघताना तिने त्याचा हात धरला आणि हळूच विचारलं, "झिपऱ्या, शिमग्याला तरी नेशील का रं?"

तो 'नेतो' म्हणाला. म्हणून तर बसला, पण नेणार कसा?

जीप चढणीवर अडायची ती पोटामुळे. मागच्या दोन चाकांच्या मध्ये, एक्सलच्या पोटात, दातेरी चक्रांचा जो लोखंडी गोळा असतो, तो धोंड्यांवर टेकायचा आणि चाकं जागच्या जागी फिरायची. झिपरूने स्वतःच डोकं चालवलं. चाकं मोठी केली की गाडी उंच होईल, गाडी उंच झाली की गोळा धोंड्यांवरून निघेल. बरोबर होतं. त्याने भंगारवाल्याकडून भलेमोठे, खोल नक्षीचे टायर मिळवले, मडगार्ड कापून बसवले आणि एका सकाळी चढणीला जीप घातली. धोंडे एकामागून एक पोटाखालून जाऊ लागले. झिपरू आनंदाने गाणं म्हणायच्या बेतात होता. निम्म्यावरच्या वळणाला त्याने जोर दिला आणि मागे काडकन आवाज झाला, सुकलेलं सागाचं लाकूड मोडावं तसा. इंजिन ओरडत राहिलं, चाकं हलेनात. पाड्यावरच्या माणसांनी दोर लावून सवतीला खाली उतरवली. त्या दिवशी कुणी शिव्या घातल्या नाहीत, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

मोडलेली जीप टेम्पोत घालून तो नाशकात अंबडला गेला. तिथे बुद्धभूषणचं गॅरेज होतं. हा मंगलाबाईच्याच कॉलनीतला मुलगा. आठवडाभर कंपन्यांच्या गाड्या दुरुस्त करायचा आणि रविवारी स्वतःची जीप घेऊन डोंगरात चिखल तुडवायला जायचा. त्याच्या आईला हे वेड अजिबात मान्य नव्हतं. झिपरूने टायरचा पराक्रम सांगितला तसा भूषण आधी पोट धरून हसला. मग जीपखाली शिरला, तुटलेला एक्सलचा दांडा बाहेर काढला आणि त्याच्या हातात ठेवला. दांडा पिळलेल्या धुण्यासारखा पिळून तुटला होता.

"झिपरूदादा, टायर मोठं केलंत आणि एक्सल तोच ठेवलात. पान्ह्याला लांब पाइप लावून बोल्ट फिरवलाय कधी? बोल्टचं काय होतं?"

"तुटतो."

"तेच झालं. टायर जेवढं मोठं, तेवढा एक्सलवर पीळ जास्त. हा दांडा लहान चाकाचा आहे, त्या बिचाऱ्याची काय चूक?"

झिपरू दांड्याकडे बघत बसला. चिडला होता, पण कुणावर चिडावं ते कळत नव्हतं. मग त्याने भूषणला सगळं सांगितलं: चढण, डोली, शिमगा. चिमणाबाईला भूषण चांगला ओळखत होता. जिन्यातून जाताना तिने त्याच्या लांब केसांवरून त्याला अनेकदा झापलं होतं. तो हात पुसत म्हणाला, "शिमग्याला आजीला पोचवायचं ना? मग पुढचा-मागचा, दोन्ही एक्सल बदलू. मात्र डांबरी रस्त्यावर भाडी मारायला ही गाडी वापरायची नाही आणि कागदपत्रं नीट करून घ्यायची. कबूल?"

"कबूल. आईला वर नेली की मी बैलगाडी हाकीन."

भंगारात निघालेल्या एका जड गाडीचे दोन एक्सल भूषणने शोधून आणले. नुसते दांडेच जाड नव्हते, सगळा संसारच दणकट होता. पण दुसऱ्याच्या अंगाचा सदरा आपल्याला आयता थोडाच बसतो! स्प्रिंगा टेकायच्या बैठका कापून नव्या जागी वेल्डिंग करावं लागलं. इंजिनाची ताकद मागे नेणारा लांब दांडा लेथवर आखूड केला. ब्रेकचे पाइप नवे टाकले. गोळ्याच्या आतली दातेरी जोडी बदलली, म्हणजे गाडी पळणार कमी आणि ओढणार जास्त. वर भूषणने मागच्या एक्सलमध्ये असं लॉक बसवलं की एक चाक हवेत गेलं तरी दुसरं ओढत राहावं. झिपरू रोज मंगलाबाईच्या घरून डबा घेऊन गॅरेजवर जायचा, ग्रीस लावायचा, पान्हे द्यायचा आणि नको ते सल्लेही द्यायचा. कागदांना एक्सलपेक्षा जास्त वेळ लागला, पण तेही झालं.

रविवारी भूषणने जीप त्याच्या नेहमीच्या डोंगरात नेली आणि झिपरूच्या हातात स्टिअरिंग दिलं. चाकांमधली हवा कशी कमी करायची, दगडावर चाक कसं हळू चढवायचं, जोर न देता जोर कसा लावायचा, ते दाखवलं. झिपरू एक खडक चढून वर गेला आणि तिथेच गाडी थांबवून मोठ्याने हसत सुटला. सवत पुन्हा उभी राहिली होती, आणि पहिल्यापेक्षा ऐटीत.

इकडे उंबरमाळवर काय चाललं होतं ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

शिमगा जवळ आला तशी मळ्यांवर गेलेली माणसं पाड्यावर परतली. झिपरू आईसाठी गाडी बांधतोय, ही बातमी आधीच येऊन पोचली होती. सगळे फकिराच्या अंगणात जमले. फकिरा म्हणजे डोलीचा पुढचा गडी. आयुष्यभर पाड्यावरचं दुखणं त्याने खांद्यावरून खाली उतरवलं होतं. तो म्हणाला, "गाडी झिपऱ्या बनवतोय, वाट आपण बनवू." ठरलं. शेवरीच्या चढणीवर चाकांपुरत्या दोन दगडी पट्ट्या बसवायच्या, हातभर रुंद, पायथ्यापासून पाड्यापर्यंत. गाडी आली की पट्ट्यांवरून सरळ वर. आणि झिपरूला आधी काही सांगायचं नाही, तो आला की बघेल.

दोन पट्ट्यांत अंतर किती ठेवायचं? फकिरा काही असातसा माणूस नव्हता. आंब्याखाली, जिथे जीप उभी असायची, तिथे वाळलेल्या चिखलात चाकांचे चर उमटलेले होते. त्याने बांबू आडवा ठेवून चरापासून चरापर्यंत माप घेतलं आणि बांबूला खाच पाडली. मग सगळा पाडा कामाला लागला. बायकांनी ओहळातून चपटे दगड वाहिले, पुरुषांनी पहारीने धोंडे काढले. प्रत्येक ठिकाणी फकिरा बांबू आडवा धरायचा आणि बोटभरही फरक पडला तर दगड पुन्हा काढायला लावायचा. पट्ट्या झाल्या त्या सुताने आखल्यासारख्या.

होळीच्या दिवशी दुपारी झिपरूची जीप ओहळापाशी आली. पुढे चिमणाबाई, मागे मंगलाबाई आणि गाठोडी. आंब्याखाली सगळा पाडा उभा. ढोल वाजत होता, भोपळ्याची पावरी फुंकणाऱ्याने गाल फुगवले होते. झिपरूने दोन पांढऱ्या पट्ट्या वरपर्यंत गेलेल्या पाहिल्या आणि मान बाहेर काढून पुन्हा एकदा पाहिल्या. त्याने ओहळ पार करून जीप चढणीच्या तोंडाशी आणली.

आणि ढोल थांबला.

चाकं पट्ट्यांवर बसत नव्हती. डावं चाक अर्धं पट्टीबाहेर, उजवंही अर्धं बाहेर. फकिरा धावत आला, त्याने खाच पाडलेला बांबू चाकांसमोर आडवा धरला. दोन्ही अंगांना वीत वीत कमी पडत होतं. त्याने बांबू उलटा करून पाहिला, जणू त्याने काही फरक पडणार होता!

"माप बरोबर हाय," तो कापऱ्या आवाजात म्हणाला. "तुझ्याच चाकांचं घेतलंय रं, झिपऱ्या."

झिपरूच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माप जुन्या एक्सलचं होतं. नवे एक्सल रुंद होते; ते रुंद आहेत हे पाड्यावर कुणाला कळवायचं त्याला सुचलंच नव्हतं, आणि वाट बांधतोय हे पाड्याने त्याला मुद्दामच कळवलं नव्हतं. पाड्याला झिपरूला चकित करायचं होतं आणि ते अगदी छान जमलं होतं.

"एक पट्टी सरकवू," कुणीतरी म्हणालं. "परवापर्यंत होईल."

"होळी आज हाय," चिमणाबाई गाडीतून म्हणाली.

मागे कुणीतरी हळूच 'डोली' असा शब्द काढला. म्हातारीने मान वळवली, आणि पुन्हा तो शब्द कुणी काढला नाही.

झिपरू खाली उतरला आणि वळणापर्यंत चालत गेला. पट्ट्यांच्या कडेवरून दोन्ही चाकं नेली तर कडेचे दगड निखळणार, आणि वळणावर डावीकडे दरी. त्यापेक्षा डावं चाक डाव्या पट्टीवर पुरतं ठेवायचं आणि उजवं पट्टीबाहेर, डोंगराच्या अंगाने, उघड्या खडकावरून न्यायचं. गाडी दरीकडे कलणार होती. परत येऊन त्याने चाकांमधली हवा कमी केली आणि आईला म्हणाला, "आये, तू जरा उतर. मी रिकामी वर नेऊन आणतो."

"उतरले की डोलीत घालशील. मी नाय उतरणार. चालव."

मंगलाबाई मात्र मुकाट्याने उतरली.

झिपरू स्टिअरिंगवर बसला तेव्हा त्याला खरी अडचण कळली. गाडी इतकी उंच झाली होती की बॉनेटपुढची जमीनच दिसत नव्हती. चाक पट्टीवर आहे की बाहेर, कळायला मार्ग नव्हता. तेवढ्यात फकिरा बांबू टाकून पुढे आला. डोलीत मागच्या गड्याला पायाखालचं कधीच दिसत नाही, मध्ये आजारी माणूस असतो. म्हणून पुढचा गडी वाट बोलत चालतो. आयुष्यभर फकिराने तेच केलं होतं. तो जीपकडे तोंड करून उलटा चालू लागला.

"सुटा! म्होरं वाट मोकळी हाय. डावं धर. सरळ. धोंडा हाय उजव्याला, हळू चढ. चढ. टेक. आता सरळ."

त्याचा आवाज आता कापत नव्हता. झिपरूने काहीच पाहायचं सोडून दिलं, नुसतं ऐकलं. डावं चाक पट्टीवरून सरकत राहिलं, उजवं खडकांवरून चढत-उतरत राहिलं. चिमणाबाईने एका हाताने खिडकीची दांडी आणि दुसऱ्या हाताने काठी धरली होती.

वळण आलं. फकिरा थांबला. "हितं मोठा हाय. उजवं वर घे. दम धर. दम धर, घाई नको."

पुढचं उजवं चाक खडकावर चढलं. जीप दरीकडे कलली, कलतच गेली, आणि मागचं उजवं चाक जमिनीवरून उचललं जाऊन हवेत गरगरलं. खाली बायकांनी तोंडावर पदर घेतले. हीच ती जागा, जिथे काडकन आवाज झाला होता. झिपरूने कान टवकारले. आवाज झाला नाही. भूषणचं लॉक धरलं, डाव्या चाकाने पट्टीला चावा घेतला आणि जाड एक्सल पीळ सोसत ओढत राहिला. ज्या रुंदीने सगळी पंचाईत केली होती, तिनेच आता गाडीला पाय फाकवून उभं धरलं होतं. जुन्या मापाची जीप इतकी कलली असती तर केव्हाच उलटली असती. क्षणभर सगळं तोललं गेलं, मग उजवं चाक धप्पदिशी खडकावर बसलं.

"सुटलाऽऽस!" फकिरा ओरडला. "आता ये माझ्या मागं, डोळं झाकून ये!"

खालून ढोल वाजायला लागला तो असा की पावरीवाल्याला सूर धरायलाही वेळ मिळाला नाही. पोरं, बायका, म्हातारे सगळे चढणीवरून धावत सुटले. 'सवत चढली, सवत चढली' असा एकच गलका झाला. झिपरूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

जीप पाड्यावर आली. झिपरू घराकडे वळवणार तोच आईने काठीने त्याच्या गुडघ्यावर टोचलं. "घरी नंतर. आधी सगळ्या दारांनी फिरव." मग काय, उंबरमाळवर पहिल्यांदा आलेली गाडी एकेका अंगणातून वाट काढत निघाली. चिमणाबाई प्रत्येक दारापुढे थांबवायची. कुणाच्या नव्या सुनेला जवळ बोलावून तोंड कुरवाळलं, कुणाच्या गोठ्याचा कूड मोडलेला पाहून खडसावलं, कुणाला 'इतकी वाळलीस कशानं' म्हणून विचारलं. तिच्या ओरडण्याचं पाड्यावर एरवी कुणाला कौतुक नव्हतं. पण त्या दिवशी आपल्या दारी ती थांबावी म्हणून माणसं आधीच अंगणात येऊन उभी राहत होती.

शेवटी आपल्या अंगणात ती उतरली. धरायला आलेले हात तिने झटकले. शहरातल्या चपला तिथेच काढून टाकल्या आणि सारवलेल्या अंगणावर अनवाणी पाय टेकून ती नुसतीच उभी राहिली. मग काठी टेकत, दम खात, पण स्वतःच्या पायांनी ती उंबरा ओलांडून आत गेली.

झिपरू जीपला टेकून उभा होता. बायको शेजारी येऊन उभी राहिली, तिने सवतीच्या चिखल लागलेल्या मडगार्डवर हात ठेवला आणि काढला नाही.

आतून आवाज आला, आणि तो खाली ओहळापर्यंत गेला असला पाहिजे.

"माझी चूल कुणी हलवली गं?"

"आल्या एकदाच्या सासूबाई," झिपरूची बायको म्हणाली आणि डोळे पुसत आत पळाली.